उजव्या काठाचा शंकू

मामा : नुसती बघत काय बसलीस? सही कर आणि मोकळी हो.

भाची : माझं पत्र, आणि लिहिलंत तुम्ही?

मामा : चार ओळी तर आहेत. 'पुलाजवळच्या भरावाचा उतार मॉडेलमध्ये बसवताना माझ्या नजरचुकीने दोष राहिला.' संपलं. चौकशी समितीला एक सही मिळाली की त्यांचं पोट भरतं.

भाची : नजरचूक? मामा, सॉफ्टवेअर रस्त्याचा उतार पुलापर्यंत आपोआप आणतं आणि तिथे सुरीने कापल्यासारखा सोडून देतं. पुढे पुलाच्या टोकाभोवती माती वळवून जो शंकू करायचा, तो मॉडेलमध्ये हातानेच काढावा लागतो. डाव्या काठाच्या शंकूला माझे तीन दिवस गेले.

मामा : मला शिकवतेस? तुला माऊस धरायला कुणी शिकवलं?

भाची : तुम्हीच. आणि उजव्या काठाची जमीन अजून मोजलेलीच नाही म्हटल्यावर, 'डावा उचल, उलटा करून उजवीकडे ठेव' हेही तुम्हीच शिकवलंत.

मामा : दुसऱ्या दिवशी नकाशे द्यायचे होते. सगळेच करतात तसं.

भाची : तिकडे जुना ओढा निघाला. जमीन दीड पुरुष खाली. आपल्या शंकूचा पायथा हवेत लटकत होता. कंत्राटदाराने नकाशातल्या जागेत तो बसवायचा म्हणून उतार जवळजवळ उभाच केला. कोसळेल नाही तर काय? आणि खाली कामावरचा तो चौकीदार बसलेला.

मामा : फाइलवर नाव कुणाचं आहे?

भाची : माझं. उलटा मीच ठेवला, ते मी कुठे नाकारतेय? पण नकाशाच्या कोपऱ्यात मी टीप लिहिली होती. 'जमीन मोजलेली नाही, बांधण्याआधी तपासा.' छापलेल्या नकाशावर ती नाही.

मामा : असल्या टिपा दिसल्या की काम परत येतं.

भाची : म्हणजे पुसलीत.

मामा : हे बघ पोरी, माझी निवृत्ती सात महिन्यांवर आलीय. तुझं वय आहे. वर्ष-दोन वर्षं घरी बसशील, मग लोक विसरतात.

भाची : आणि नाही केली सही?

मामा : म्हणूनच तुझ्या आईला बोलावलंय. ये गं, आत ये. समजाव तुझ्या लेकीला. तिचा बाप गेल्यावर तुम्हा दोघींना घरात कुणी घेतलं, ते सांग.

आई : ते सांगायला कशाला हवं, दादा? माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घातले तरी ते फिटायचं नाही. आण बघू ते पत्र.

(आई पत्र दोनदा वाचते.)

आई : ह्यात त्या चौकीदाराचं काहीच नाही.

मामा : तो विषय वेगळा. कंबर मोडली, पण जीव वाचला.

आई : आता कसा आहे?

मामा : मला काय माहीत?

भाची : उठून बसता येत नाही त्याला. काल जाऊन आले मी. त्याची बायको माझ्याशी चांगलं बोलली, तेच सहन झालं नाही.

आई : दाराबाहेर ऐकलं मी सगळं. तो शंकू उलटा तू ठेवलास?

भाची : हो.

आई : मग सही कर.

भाची : आई, तूसुद्धा?

आई : केलंस ते कबूल कर. आणि दादाने काय केलं तेही खाली लिही, तुझ्या हाताने. मग दादा, त्याखाली तू सही कर.

मामा : वा! खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?

आई : कुणीतरी मोजायला हवं होतं रे. वेळेवर.

भाची : लिहिलं, आई. सहीही केली. मामा, हे घ्या पेन.

मामा : मला... चष्मा घरी राहिलाय माझा.

भाची : मी वाचून दाखवते. 'उजव्या काठाची जमीन मोजलेली नव्हती. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.'