बापाच्या नावाचे थेंब

हसणार नसाल तर सांगतो. दुसऱ्या महायुद्धात फौजेचं सामान वाहणारी आमची खेचरांची कंपनी विलायतेत होती. होळीच्या दिवशी तिथल्या एका जुन्या पबात गेलो. मालकाने लाकडी पिंपातली बियर मोठ्या अभिमानाने दिली. कोमट आणि कडूजहर. आपल्या रीतीप्रमाणे आधी पितरांसाठी चार थेंब जमिनीवर सोडले. नाव आजाचं घ्यायचं होतं, तोंडून बापाचं निघालं. बाप तर इकडे नवापुरात धडधाकट होता. "काय सांडलंस?" म्हणत मालक फडकं घेऊन आला, तर फरशी कोरडी.

घरी लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून परत आल्यावरच कळलं की बाप गेला.

आई म्हणाली, "तू विलायतेत होतास ना, त्या होळीलाच गेला. त्या दिवशी मोहाच्या दारूचा थेंबही घेतला नव्हता, तरी सारखा म्हणत होता, तोंड कडू झालंय, कुणी काय पाजलं मला?"