इच्छेचं इंजेक्शन

अगं बायांनो, मला वांगाची क्रीम नका सुचवू. कपाळावरचे हे डाग इंजेक्शनचे आहेत. हसू नका, इच्छा वाढवायच्या इंजेक्शनचे.

सातव्या महिन्यात आमचं बाळ पोटातच गेलं, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतर वर्षभर नितीनने नुसता हात लावला तरी मी आक्रसून जायचे. तो काही बोलायचा नाही. मला वाटायचं, नवरा म्हणून हा असा किती दिवस थांबेल? शेवटी मोबाइलवर एक ऑनलाइन डॉक्टर गाठली. तिने वय विचारलं, बीपी विचारलं आणि दोन मिनिटांत औषध लिहून दिलं. घरात काही झालंय का, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

लालबागला घरी कुरिअर आलं. नितीन कामावरून यायच्या आधी मी पोटात टोचून घ्यायचे. इच्छा कसली, नुसती मळमळ. चेहरा काळवंडायला लागला तरी मी घेतच राहिले.

एका शनिवारी तो लवकर आला, तेव्हा मी मोरीत ओकत होते. त्याने माझी पाठ चोळली, पाणी दिलं. मग औषधाचा खोका उचलून वाचला.

"हे कशाला गं?"

"तुझ्यासाठी."

तो तिथेच ओल्या फरशीवर बसला.

"मलाही नकोच वाटतं गं. बाळ गेल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाटलं असतं, मला तूच नकोशी झालीस."