कान हलला

न्यिको : थोडा वेळ गाडी थांबवली तर काय झालं, बाबा? पार्कचं गेट बंद व्हायला अजून दोन तास आहेत. असा फोटो रोज मिळत नाही.

मझामानी : थांब ना. मला कुठे काही दिसतंय? तू बोट दाखवलंस तर मला दोन दिसतात.

न्यिको : मोतीबिंदू काढून घ्या म्हणून वर्षभर मागे लागलेय. मी स्वतः नर्स, आणि माझ्याच बापाला दवाखान्याची भीती.

मझामानी : किती हत्ती आहेत ते सांग.

न्यिको : अकरा. नाही, बारा. सगळ्या माद्या, मध्ये पिल्लं. कोरड्या नदीतून वर आल्यात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या आहेत.

मझामानी : उभ्या? खात नाहीत?

न्यिको : नुसत्या उभ्या. किती शांत आहेत.

मझामानी : इथे मोपानीची झाडं आहेत, मला पाल्याचा वास येतोय. मोपानीत हत्तीचं तोंड थांबत नाही. सोंडा कुठे आहेत बघ.

न्यिको : खाली. जमिनीला टेकवल्यात.

मझामानी : सगळ्यांच्या?

न्यिको : एक सोडून. एक थोराड आहे, डावा सुळा अर्धा तुटलेला. ती कान पसरून माझ्याचकडे बघतेय. हलू नको गं बाई, अशीच राहा.

मझामानी : किती लांब?

न्यिको : दोन बसगाड्या मावतील मध्ये.

मझामानी : डोळा आणि कान, त्यांच्या मधोमध ओल दिसते?

न्यिको : थांबा, फोटो मोठा करून बघते. हो. काळा ओघळ आहे, पार जबड्यापर्यंत. रडल्यासारखा.

मझामानी : रडत नाही ती. बिथरलीय. किती फोटो काढलेस?

न्यिको : चाळीसेक असतील.

मझामानी : एकेक मोठा कर. त्यांच्या पायांत काय पडलंय ते मला सांग.

न्यिको : पायांत... फांद्या आहेत. ताज्या मोडलेल्या. चांगला ढीग आहे. कुणी टाकल्या इथे?

मझामानी : त्यांनीच. ढिगाच्या खाली बघ.

न्यिको : खाली काही नाही. करडा दगड आहे. बाबा, दगड नाही तो. पाय आहे. एवढासा. नखं दिसतायत.

मझामानी : मेलेलं पिल्लू झाकलंय त्यांनी. ढीग कुठे आहे आता? आपल्यापासून?

न्यिको : माझ्या दाराच्या चार पावलांवर. मी मघाशी गाडी पुढे घेतली ना, उजेड चांगला पडत होता म्हणून.

मझामानी : मागे घेता येईल?

न्यिको : मागे तीन येऊन उभ्या राहिल्यात. रस्ता भरलाय. या कधी आल्या? पावलांचा आवाजसुद्धा झाला नाही.

मझामानी : त्यांचा होत नाही. कॅमेरा मांडीवर ठेव. काच वर घे, सावकाश. आता बोललीस तरी हळू बोल.

न्यिको : पार्कच्या ऑफिसला फोन लावते.

मझामानी : लागतोय?

न्यिको : नाही. रेंज नाही.

मझामानी : मग ठेव तो.

न्यिको : ती पुढे येतेय. तुटक्या सुळ्याची.

मझामानी : मान झाडतेय का?

न्यिको : हो. पायाने धूळ उडवतेय.

मझामानी : तोवर ठीक. तोवर ती सांगतेय. कान मागे चिकटले आणि सोंड छातीखाली गेली, की तिचं सांगून झालं समज.

न्यिको : सव्वीस वर्षं पार्कात काढलीत, पण घरी हत्तीचं नाव काढलं नाहीत कधी. कुणी विचारलं की उठून जायचात.

मझामानी : मी काही पाहुण्यांना हत्ती दाखवत नव्हतो, पोरी.

न्यिको : माहीत आहे. मांस आणायचात. वाळवलेल्या पट्ट्या. मी शाळेत मैत्रिणींना वाटायचे.

मझामानी : हत्ती फार झाले की पार्कवाले कळप कमी करायचे तेव्हा. वरून हेलिकॉप्टरमधून गोळ्या, खाली आम्ही, सुरे आणि कुऱ्हाडी घेऊन. एका सकाळी अख्खा कळप. मागे कुणाला ठेवायचं नाही, असा हुकूम होता.

न्यिको : आणि पिल्लं?

मझामानी : अगदी लहान असली तर जिवंत ठेवायचे. ट्रक येईपर्यंत आईच्याच पायाला बांधून.

न्यिको : बाबा, समोरून गाडी येतेय.

मझामानी : कुणाची?

न्यिको : लाल आहे, भाड्याची. जोरात येतेय. एक बाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलीय, हातात फोन धरून. त्यांना ही हत्तीण दिसत नाहीये, मध्ये झुडपं आहेत. बाबा, ही वळली. त्यांच्याकडे.

मझामानी : आपला रस्ता?

न्यिको : मोकळा झाला. डावीकडून गाडी निघेल. गिअर टाकते, निघू?

मझामानी : कान कसे आहेत?

न्यिको : मागे. चिकटलेत.

मझामानी : सोंड?

न्यिको : दिसत नाही. बाबा, आत्ताच निघता येईल, तिची पाठ आहे आपल्याकडे.

मझामानी : हॉर्न कुठे आहे?

न्यिको : काय करताय? नको.

मझामानी : हात बाजूला घे.

(हॉर्न वाजतो. तीनदा, लांब.)

न्यिको : थांबली ती. लाल गाडीही थांबली. बाई आत गेली. मागे घेतायत, वेडेवाकडे, झाडाला घासून. गेले वळणाआड.

मझामानी : आणि ती?

न्यिको : फिरली. इकडे येतेय.

मझामानी : इंजिन बंद कर. डोकं खाली घाल, गुडघ्यांत. माझा हात धर.

न्यिको : बाबा.

मझामानी : बोलू नको.

न्यिको : दार. माझं दार आत आलंय.

मझामानी : पाय?

न्यिको : हलतोय. ती तुमच्या बाजूला गेली. काच फुटली तुमची.

मझामानी : कळलं मला. मान वर करू नको. हुंगतेय ती.

न्यिको : कुठे?

मझामानी : माझी मान. गरम आहे सोंड. गप्प बस आता.

(फुटलेल्या काचेतून सोंड बाहेर जाते.)

मझामानी : गेली वाटतं. बघ, पण नुसते डोळे वर कर.

न्यिको : ढिगापाशी गेलीय. एक फांदी उचलून वर ठेवतेय.

मझामानी : ठेवू दे. आता चल. पहिल्या गिअरमध्ये, दिवे न लावता.

न्यिको : मागच्या तिघींपैकी दोघी सोबत चालतायत.

मझामानी : चालू देत. वेग वाढवू नको.

न्यिको : अजून आहेत.

मझामानी : असू देत.

न्यिको : डांबरी लागली. आता नाहीत. रेंजही आली. ऑफिसला सांगते, त्या वाटेला कुणाला सोडू नका म्हणून. मान इकडे करा आधी, कानामागून रक्त येतंय. हा रुमाल दाबून धरा. जोरात.

मझामानी : धरलाय.

न्यिको : आपण सुटलो होतो, बाबा. का वाजवलात?

मझामानी : एका सकाळी चौदा हत्तिणी आडव्या पडल्या होत्या. ऊन चढायच्या आत उरका म्हणून मुकादम ओरडत होता. त्याने तुझ्या हासानीकाकाला सांगितलं, त्या टोकाच्या म्हातारीपासून सुरुवात कर. मी तिच्या समोरच उभा होतो. तिचा कान हलला.

न्यिको : वाऱ्याने हलला असेल.

मझामानी : वारा नव्हता. माझे डोळे तेव्हा चांगले होते. आदल्या आठवड्यात एकाने असंच ओरडून काम थांबवलं होतं, तर मुकादमाने दिवसभर त्याला बायल्या म्हणून हाक मारली. मी म्हटलं, अजून एकदा हलला की सांगू. त्यानंतर कान नाही, तीच उठली.

न्यिको : हासानीकाका ट्रकवरून पडले, असं सांगितलं होतं आम्हाला.

मझामानी : कागदावर तसं लिहिलं.

न्यिको : म्हणून तुम्ही दर महिन्याला पिठाची गोणी मिहलोतीकाकूंकडे पोचवायचात. आई किती भांडायची तुमच्याशी त्यावरून.

मझामानी : गाडी हळू चालव.

न्यिको : मिहलोतीकाकूंना माहीत आहे हे?

मझामानी : त्याला पुरून आलो त्या दिवशी तिने विचारलं होतं. एकदाच. भावजी, तुम्ही तिथेच होतात ना, म्हणाली.

न्यिको : मग?

मझामानी : मी म्हणालो, धूळ फार होती, वहिनी. काही दिसलं नाही.