वहीवरचं नाव

मंडळी, एवढ्या उन्हात तुम्ही सगळे परुळेकर बाईंच्या शोकसभेला आलात. बाईंविषयी सगळे चांगलं बोलले. मुख्याध्यापक म्हणून मीही बोलावं, असं मला सांगितलं. पण मला बोलणं जड जातंय. मी कबुली द्यायला उभा आहे.

परुळेकर बाई प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन गावी आल्या आणि आपल्या शाळेतल्या मच्छीमारांच्या मुलींना संशोधन शिकवू लागल्या. सुगंधा तेव्हा नववीत. बाईंनी तिला विचारलं, "तुका काय शोधूचा आसा?"

ती म्हणाली, "आमच्या बावीचा पाणी खारट कित्याक होता?"

वर्षभर दर रविवारी ती किनाऱ्यालगतच्या नऊ विहिरींचं पाणी तपासायची. भरती, पाऊस, कुठला पंप किती वेळ चालला, सगळं वहीत. बाईंनी तिला एक ओळसुद्धा लिहून दिली नाही.

ओरोसच्या जिल्हा विज्ञान प्रदर्शनाला मी ती वही पाठवली. सुगंधाला नाही पाठवलं. आपल्याच शाळेतल्या, डॉक्टरांच्या मुलीला पाठवलं, वहीवर नावही तिचंच घातलं. का? सुगंधा परीक्षकांसमोर 'माका-तुका' करील, शाळेचं हसं होईल म्हणून! बक्षीस मिळालं. सत्कार मी घेतला.

बाई ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. मी म्हटलं, "बाई, चूक झाली."

"माका सांगान काय उपेग? त्या चेडवाक सांगा."

नाही सांगितलं. तीन वर्षं सुगंधाला नाही सांगितलं. बाई दिसल्या की मी रस्ता बदलायचो. त्या आजारी पडल्या, तरी गेलो नाही. विचारतील म्हणून. मंडळी, अंथरुणावरच्या त्या बाईला मी घाबरलो.

बाईंनी सुगंधाला नवी वही दिली. ती मोजत राहिली. लॉजवाल्यांचे पंप जास्त चालले की विहिरी खारट होतात, हे तिच्याच नोंदींत बघून यंदा ग्रामपंचायतीनं त्या पंपांना वेळ बांधून दिली. ती आता कॉलेजात विज्ञान शिकते. यात माझं काहीही नाही.

सुगंधा, तू मागे दाराशी उभी आहेस. ते काम तुझं होतं. वहीवरचं तुझं नाव मी पुसलं. भाषेची लाज तुला नव्हती गो, मला होती. प्रदर्शनवाल्यांना तसं पत्र मी काल लिहून दिलंय. माफ कर म्हणत नाही. ते तुझं तू ठरव.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. सुगंधा, तू पुढे ये, बाईंच्या फोटोजवळ. ही जागा तुझी. मी मागे जातो.