न्यूयॉर्कनं केल्याशिवाय नाही

—नाही गं, लेट कुठली, तू अगदी वेळेवर आलीस, चैत्राली. ते ओव्हनवरचं घड्याळ नको बघू, ते साहेबांचं आहे. साहेब म्हणजे माझे मिस्टर, बबनराव — खाली बेसमेंटमध्ये फोनवर बोलून राहिले ना, तेच. त्यांचं घड्याळ एक तास पुढे असते. बिघडलं नाही, मुद्दाम! नोव्हेंबरात साऱ्या ओंटारिओनं घड्याळं एक तास मागे केली, यांनी नाही केली. बस ना, चहा ठेवते. रूम दाखवते मग, वरची आहे, आमच्या लेकीची, धम्मप्रियाची.

का म्हणजे? कायदा! इथल्या सरकारनं कधीचाच कायदा केला — घड्याळ मागेपुढे करणं बंद, बारा महिने उन्हाळ्याचीच वेळ. पण खाली अट — शेजारच्या क्युबेकनं आणि बॉर्डरपलीकडे अमेरिकेतल्या न्यूयॉर्कनं केलं तरच. न्यूयॉर्क म्हणते, वॉशिंग्टनच्या काँग्रेसनं कायदा बदलल्याशिवाय आम्हाला करता येत नाही. आणि काँग्रेस? ती काही हलत नाही. म्हणजे बघ, इथं कॅनडात, ओंटारिओतल्या या लंडनमध्ये मी पोळ्या कधी लाटायच्या, हे अमेरिकेचे खासदार ठरवणार! हे सिटीच्या वॉटर डिपार्टमेंटमधून इंजिनीअर म्हणून रिटायर झाले, जन्मभर आंबेडकर असोसिएशनचं काम केलं — म्हणाले, इंदू, कायदा अडला असेल तर सनदशीर मार्गानं पुढे रेटायचा, कुरकुरत नाही बसायचं. म्हणून रोज अमेरिकेच्या खासदारांना फोन. तिकडची पोट्टी उचलतात, विचारतात, 'सर, आर यू अ कॉन्स्टिट्युअंट?' — आमचे मतदार आहात का म्हणून. हे म्हणतात, 'नो, आय अ‍ॅम अ व्हिक्टिम.' मग ते झिप कोड मागतात, तिकडचा पिनकोड, हे धम्मप्रियाचा देतात, अमेरिकेतल्या बफेलोचा — ती तिकडे नर्स आहे. आता तिलाच मेसेज येतात, थँक यू मिस्टर गजभिये फॉर युवर पॅशन.

हस, हस. मी पण हसत होती — डिसेंबरपर्यंत. डिसेंबरात नातीचं नाव ठेवायचं होतं, बफेलोला. मी खीर केली, झबलं शिवलं, निघालो. बॉर्डरवरचा ऑफिसर चांगला होता बिचारा. घरून कधी निघालात, विचारलं. हे म्हणाले, दहाला — म्हणजे यांच्या दहाला. त्याच्या घड्याळात अकरा. म्हणाला, लंडनहून एका तासात? उडत आलात का? आता सांगायचं ना सरळ — नाही! मग त्यानं विचारलं, 'सर, तुमच्या मते आत्ता किती वाजले?' तर हे म्हणतात, 'दॅट डिपेंड्स ऑन युवर काँग्रेस.' खरंच सांगते, अस्संच म्हणाले! मी डोळेच मिटून घेतले. आत नेऊन बसवलं आम्हाला, खीर मांडीवर. हे तिथंही सुरू — तुमच्या नाइट शिफ्टवाल्यांचे किती हाल होतात, मी तुमच्यासाठीच तर भांडून राहिलो. एका ऑफिसरला पटलं पण! तरी परत पाठवलं. तोवर तिकडे नाव ठेवून झालं होतं. अक्षरा. मला पार्किंग लॉटमध्ये फोनवर कळलं. धम्मप्रिया ओरडली नाही काही. एवढंच म्हणाली, 'आई, टेल डॅड टू पिक अ टाइम.' तेव्हापासून यांच्याशी बोलत नाही. आणि हे? दुसऱ्या दिवशी दोन फोन जास्त केले. त्यांना वाटते, तिकडे कायदा पास झाला की पोरगी बोलायला लागेल.

मी ना — मी यांच्या पाचला उठते, कारण यांना चहा लागतो. आणि जगाच्या अकराला झोपते, कारण धम्मप्रिया ड्युटीवरून आली की फोनवर बाळ दाखवते. तास सरकारचा, पण जातो माझ्या झोपेतून — साखर घेतेस ना?

तर रूम. ऊन छान येते. रेंटचं काही नाही, द्यायचं तेवढं दे. फक्त यांना जेवण वाढायचं — त्यांच्या सातला, म्हणजे तुझ्या सहाला. बीपीची गोळी विचारायची. खासदाराचा फोन लागला असला तर मिक्सर नाही लावायचा. — मी? मी नाही ना इथं. मी येत्या शनिवारी बसनं बफेलोला जाऊन राहिली. अगं सोडून कुठं! मार्चमध्ये साऱ्यांची घड्याळं पुढे जातात, मग हे आपोआपच बरोबर होतात — तेव्हा येते ना परत. पुढच्या नोव्हेंबरचं पुढच्या नोव्हेंबरात बघू.

त्यांना? नाही सांगितलं अजून. कसं सांगू? म्हणतील, इंदू, थोडी थांब, होतच आलं आहे. आणि मी थांबीन गं. मला माहीत आहे ना मी —

थांब. वर येऊन राहिले.

अहो, इकडे, किचनमध्ये! — काय म्हणता? स्वतः खासदार? स्वतः फोनवर आला? काय म्हणाला? — 'आय हिअर यू' म्हणाला? बापा! — हो, हो, बसा आधी, केवढी धाप लागली तुम्हाला. — ही? ही चैत्राली. रूम बघायला आली होती.

नाही हो. नाही आवडली तिला.

जा पोरी तू. चहा राहू दे.