दोन भावांमधली केबल

तुम्हाला केबलचा किस्सा सांगतो. रत्नागिरीत दोन भावांचं वर्कशॉप होतं. कॉम्प्युटरवरून धातू कापायच्या सीएनसी मशीनमध्ये प्रोग्रॅम जाईना आणि माल तर दुसऱ्या दिवशी द्यायचा. मला दुरुस्तीला बोलावलं. मी केबल बदलली, दोन्हीकडचा स्पीड जुळवला, तरी तेच.

मशीन आधी तयार ठेवायचं, मगच कॉम्प्युटरवरून पाठवायचं, अशी रीत. मशीनवर थोरला, कॉम्प्युटरवर धाकटा.

"एकमेकांना सांगता ना?" मी विचारलं.

थोरल्यानं मशीनकडे तोंड फिरवलं, धाकट्यानं स्क्रीनकडे. हापूसच्या कलमांच्या वाटणीवरून चार दिवस अबोला होता.

शेवटी थोरला मला म्हणाला, "त्याला सांगा, मशीन तयार आहे."

दोन हातांवर बसलेला धाकटा मला म्हणाला, "दादाला सांगा, पाठवतोय."

"प्रोग्रॅम आला म्हणावं," थोरला म्हणाला.

संध्याकाळपर्यंत मी निरोप पोचवले. निघालो, तर दोघं एकदम बोलले, "उद्या किती वाजता येताय?"