सहा वर्षं अडलेली चिट्ठी

तुम्ही हसाल, पण एका गेममधली शेवटची चिट्ठी मी सहा वर्षं वाटलीच नव्हती. त्यात आपण एका बेटावरचे पोस्टमन असतो. गेमचा एकच भाग निघाला, दुसरा कधी आलाच नाही. ती चिट्ठी दिली की सगळंच संपणार, आणि ते मला नको होतं. म्हणून मी कधीमधी गेम उघडून शेवटच्या दारापाशी नुसती उभी राहायचे.

परवा तो तसाच उघडा ठेवून मी चहा गाळायला गेले, आणि आतून बाबा ओरडले, "पोहोचली! डाक पोहोचली!" मी इतकी दचकले की गाळणं सिंकमध्ये पडलं. धावत गेले, तर लॅपटॉपसमोर बाबा, आणि स्क्रीनवर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकत होती.

"बाबा! काय केलं तुम्ही हे?"

"अगं, तो बिचारा चिट्ठी घेऊन दारात उभा होता. एक बटन दाबलं, बस."

"सहा वर्षं जपली होती मी ती!"

"सहा वर्षं?" बाबा मुरारच्या डाकघरातून रिटायर झालेत. एकदम साहेबी आवाज लागला. "किसी की डाक कोई ऐसे रोकता है क्या? माझ्या हाताखाली असतीस तर सस्पेंड केलं असतं तुला!"

मला रडूच येत होतं. "आता काही उरलंच नाही. याचा दुसरा भाग नाहीये, बाबा."

बाबांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

"मग पहिलाच लाव ना. माझी तर आत्ताशी एकच चिट्ठी वाटून झालीये."